पॉइंट काढून फेकण्याआधी दोष शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींच्या देखभालीवर आलेला लेख वाचला. हा विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला, पण इग्निशनबद्दलच्या परिच्छेदावर लिहिल्यावाचून राहवत नाही. करंट (प्लगवरची ठिणगी) नीट येत नसेल तर पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारी-तोडणारी संपर्काची जोडी) आणि त्याला जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर) काढून टाकून इलेक्ट्रॉनिक किट बसवावे, असा सल्ला त्यात आहे. शिवाय आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवून मग पॉइंटचा गॅप (उघडल्यावरची फट) लावावा, असेही एक वाक्य आहे. हे वाक्य सरळ चुकीचे आहे आणि त्याची दुरुस्ती छापली जावी, ही विनंती. किटचा सल्ला चुकीचा नाही, पण तो दोष शोधण्याआधीच दिला आहे. मूळ दुखणे गंजलेल्या स्विचमध्ये, रंगाखाली दबलेल्या अर्थिंगमध्ये (फ्रेममधून बॅटरीकडे परतणाऱ्या जोडात) किंवा प्लगच्या कॅपमध्ये असेल, तर नवे किट बसवूनही ते दुखणे जागच्या जागी राहते.

सगळ्यात आधी दोष करंटचा आहे की पेट्रोलचा, हे ठरवावे लागते. चालती गाडी चावी फिरवल्यासारखी फटकन बंद पडली, किंवा क्षणभर मेली आणि सायलेन्सरमध्ये धडाका काढून पुन्हा चालू झाली, तर संशय करंटवर घ्यावा. ती ओढ सोडत सोडत मंदावली आणि चोक ओढल्यावर थोडी सावरली, तर आधी पेट्रोल पाहावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तरी असेच होते. झाकण सैल केले की अर्ध्या मिनिटात खरेखोटे कळते. हा फरक न पाहता कार्बोरेटर उघडला जातो. जेट साफ होतात, तेवढ्या वेळात इंजिन गार होते, गाडी सुरू होते आणि श्रेय कार्बोरेटरला मिळते. दहा किलोमीटरवर ती पुन्हा थांबते. म्हणून बंद पडलेल्या गाडीचा करंट इंजिन गरम असतानाच, जिथे थांबली तिथेच तपासावा.

तपासण्याच्या रीतीतही एक फसगत आहे. प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली, ठिणगी दिसली, की ‘करंट आहे’ असे म्हणून लोक पुढे जातात. पण उघड्या हवेत प्लगची ०.६ मिलिमीटरची फट ओलांडायला फारच थोडे व्होल्टेज पुरते. पिस्टनने दाबलेल्या मिश्रणात तीच फट ओलांडायला त्याच्या कितीतरी पट लागते. बाहेर दिसणारी ठिणगी आत विझलेली असू शकते. त्यासाठी कॅप काढून वायरचे टोक हेडच्या मोकळ्या धातूपासून ५-६ मिलिमीटरवर पक्के बांधावे, हातात धरू नये, आणि किक मारावी. निळसर पांढरी, टक् असा आवाज करणारी ठिणगी तेवढे अंतर पार करत असेल तर करंट खरोखर चांगला आहे. पिवळी-तांबडी, केसासारखी बारीक ठिणगी अशक्तपणा दाखवते. ही चाचणी प्लगच्या भोकाजवळ करू नये, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. आणि वायर नुसती लोंबकळत ठेवूनही किक मारू नये. बाहेर वाट मिळाली नाही की करंट कॉइलच्या (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या गुंडाळीच्या) आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढतो, आणि एकदा पडलेली ती वाट बुजत नाही.

करंट अशक्त निघाला तर कॉइलवर जाण्याआधी कॅप आणि वायर पाहावी. कॅपच्या आत एक टोकदार स्क्रू असतो, तो वायरच्या तांब्याच्या गाभ्यात रुतलेला असायला हवा. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी गाभ्याचे टोक जळून काळे-हिरवे पडते. वायर टोकाकडून ५-६ मिलिमीटर कापून कॅप पुन्हा पिळून बसवली की पुष्कळ ‘कॉइल गेल्या’च्या तक्रारी तिथेच मिटतात. रेझिस्टर असलेल्या कॅपवर बहुधा ५ किलो-ओहम लिहिलेले असते. मीटर २०-३० दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती कॅप टाकून द्यावी. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारला तर गळणारा करंट निळ्या रेघांनी दिसतो.

यापुढची तपासणी ज्या गाडीच्या हेडलाइटवर अ‍ॅमीटर (प्रवाह दाखवणारा काटा) आहे तिथे अगदी सोपी होते. जुनी बुलेट हे सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण. लाइट बंद ठेवून चावी लावावी, प्लग काढून कॅपमध्ये बसवून हेडला टेकवून भोकापासून दूर ठेवावा आणि किक हाताने सावकाश खाली न्यावी. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जच्या बाजूला साधारण तीन अँपिअरपर्यंत सरकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा असा झुलत असेल तर बॅटरी, चावी, कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) आणि पॉइंट हा सगळा रस्ता जोडलेला आहे. काटा शून्यावरून हललाच नाही, तर रस्ता कुठेतरी तुटला आहे किंवा पॉइंटवर मळ आहे. काटा डिस्चार्जवरच चिकटून बसला, तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा पॉइंटची वायर अथवा कंडेन्सर अर्थ झाला आहे. अ‍ॅमीटर नसेल तर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवरून अर्थला एक छोटा बल्ब जोडावा. तो उलटे सांगतो: पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो.

बल्ब कधीच विझत नसेल तर पॉइंट साफ करावे. नव्या पॉइंटवरही गंज चढू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो न पुसता पॉइंट बसवले की नवा माल टाकूनही गाडी सुरू होत नाही. पेट्रोलने पुसावे, मग कोरे जाड कार्ड दोन पॉइंटच्या मधून दोन-तीनदा ओढावे. पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण टंगस्टनमध्ये रुतून बसतात. पॉइंट खडबडीत असतील तर बारीक सपाट कानस फिरवावी. दोन्ही तोंडे एकमेकांवर सपाट बसली पाहिजेत.

पॉइंट बदलल्यावर करंट पूर्ण गायब झाला, तर बहुतेक वेळा फायबरचे वॉशर उलटसुलट लागलेले असतात. वायरी जोडायच्या छोट्या बोल्टवर पॉइंटची स्प्रिंग, कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर या तिघींनी एकमेकींना धातूने चिकटलेले असावे, पण बोल्ट ज्या प्लेटवर उभा आहे तिच्यापासून तिघीही अलग असाव्यात. कॉलर असलेला फायबर बुश भोकात आणि चपटे वॉशर त्याच्या दोन्ही अंगांना, अशी ही मांडणी असते. एक वॉशर जागा चुकला की सगळे अर्थ होते. काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. साधी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे पुष्कळ वेळ वाचतो.

आता कंडेन्सर. जुन्या गाड्यांना सगळ्यात जास्त छळणारा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला हा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. कंडेन्सर ती उसळी झेलतो, त्यामुळे पॉइंटवर चाप जळत नाही, प्रवाह एकदम तुटतो आणि सेकंडरीत (प्लगकडच्या गुंडाळीत) हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर आतून तुटला तर पॉइंटवर मोठी निळी ठिणगी नाचते आणि प्लगवर मात्र मरगळलेली पिवळी. तो आतून शॉर्ट झाला तर करंट पूर्ण बंद. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. गार असताना तो ठीक असतो, वीस मिनिटांनी इंजिनची धग लागली की आतले इन्सुलेशन गळू लागते. गाडी मिसिंग करते, बंद पडते, अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी सुरू होते. साध्या मल्टीमीटरने हा दोष सापडत नाही, कारण मीटर जेमतेम काही व्होल्ट लावतो आणि कंडेन्सर फुटतो शेकड्यांनी व्होल्टला. त्यावरचा उपाय असा. गाडी गरम होऊन बंद पडली की जुन्या कंडेन्सरची वायर सोडवावी आणि खात्रीचा दुसरा कंडेन्सर क्लिपने बाहेरून जोडावा: एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरे अर्थला. गाडी लगेच सुरू झाली तर निदान पक्के. जुना सोडवायचे मात्र विसरू नये. तो गळत असेल तर शेजारी दुसरा लावून काही उपयोग नाही.

कॉइल इग्निशनला साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. मूल्य फार चुकले तर पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो, धातू एकीकडून दुसरीकडे वाहून जातो. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सरही सगळे भरवशाचे नसतात. ‘कालच नवा टाकला’ म्हणून त्याला संशयातून वगळू नये. ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर कॉइलजवळ, इंजिनच्या धगीपासून लांब बसवणे हा अनेक जाणकारांनी अवलंबलेला मार्ग आहे आणि तो उत्तम चालतो. विजेच्या दृष्टीने तो पॉइंटच्या वायरवर कुठेही बसला तरी चालतो. पॉइंटच्या डब्यातच असायला हवा, असे काही नाही.

कॉइल तपासताना इंजिन गार आणि कॉइल सुटी असावी. प्रायमरी ६ व्होल्टच्या कॉइलला साधारण १ ते २ ओहम, १२ व्होल्टच्या कॉइलला ३ ते ५ ओहम असते. सेकंडरी काही हजार ओहमची असते. ५ ते १५ हजार ही नेहमी आढळणारी कक्षा. ६ व्होल्टच्या गाडीवर कुणी १२ व्होल्टची कॉइल लावलेली असेल तर करंट निम्म्यावर येतो, आणि उलटे केले तर पॉइंट जळतात. चावी लावून गाडी उभी ठेवली आणि पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील, तर कॉइल शेकत राहते. कॉइल मरण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

रंगरंगोटी करून चकाचक झालेल्या गाड्यांचा दोष वेगळाच असतो. फ्रेमवर पावडर कोटिंग चढते, इंजिनच्या बोल्टखालीही रंग जातो आणि अर्थिंगचा रस्ता तुटतो. ६ व्होल्टच्या गाडीत याचा परिणाम केवढा होतो तो आकड्यांत पाहावा. १.८ ओहमच्या कॉइलमधून ६ व्होल्टला ३.३ अँपिअर वाहतात. गंजलेल्या चावीत आणि रंगलेल्या अर्थमध्ये मिळून फक्त अर्धा ओहम वाढला, तर प्रवाह २.६ अँपिअर होतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. हा अर्धा ओहम मीटरवर ओहम मोजून सहसा पकडता येत नाही. तिथे व्होल्ट मोजावे. पॉइंट मिटलेले, चावी लावलेली, मीटरचे एक टोक बॅटरीच्या जिवंत टर्मिनलवर आणि दुसरे कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर चावी, फ्यूज, जोड साफ करावेत. मग बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपासून पॉइंटच्या प्लेटपर्यंत तसेच मोजावे; इथे जवळजवळ शून्य यायला हवे. येत नसेल तर इंजिनच्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत जाड वायर स्वतंत्र टाकावी. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांना बॅटरीचा प्लस अर्थ असतो, हे बॅटरी जोडण्याआधी पाहून घ्यावे.

आता ज्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढवला की पॉइंटची टाच कॅमला लवकर लागते, पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते. गॅप कमी केला की ते मागे पडते. टायमिंग जुळवून मग गॅपला हात लावला, तर जुळवलेले टायमिंग त्याच क्षणी बिघडलेले असते. इंजिन त्या टोकापर्यंत फिरवावे जिथे पॉइंट सर्वांत जास्त उघडतात, आणि तिथे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्टीने) गॅप लावावा. बॅटरी-कॉइलच्या बहुतेक गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, लुकासच्या मॅग्नेटोला (बॅटरीशिवाय स्वतः करंट बनवणाऱ्या यंत्राला) ०.३० मिलिमीटर. गेज किंचित अडखळत सरकावा. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना प्लेट सरकते. गेजवर तेल असेल तर पॉइंट पुन्हा पुसावे.

त्यानंतर टायमिंग. प्लग काढून टॉप गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने फिरवावे, किकपेक्षा यात हात फार नेमका बसतो. इंजिन चालते त्याच दिशेने फिरवावे. खूण ओलांडली गेली तर बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधली ढिलाई मोजमापात येत नाही. चार स्ट्रोकच्या गाडीत पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर येत आहे, याची खात्री करावी. पिस्टन टीडीसीच्या (सर्वांत वरच्या टोकाच्या) किती आधी असताना पॉइंट उघडावेत तो आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावा. तो रिटार्ड (उशिरा ठिणगीच्या) स्थितीचा आहे की पूर्ण अ‍ॅडव्हान्सचा (सर्वांत लवकर ठिणगीचा), हेही तिथेच पाहावे. या एका गल्लतीने टायमिंग वीस-पंचवीस अंशांनी चुकू शकते आणि किक उलटी बसून पाय दुखावतो. बल्ब ज्या क्षणी पेटतो तो क्षण पकडायचा. फ्लायव्हील मॅग्नेटच्या (बॅटरीऐवजी फिरत्या चुंबकाने करंट बनवणाऱ्या) दुचाकीत कॉइलच अर्थला जोडलेली असल्याने बल्ब धड सांगत नाही. तिथे पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहावे. ती सुटते तो क्षण पॉइंट उघडण्याचा. स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स चालत्या इंजिनवर तपासावा, आणि ६ व्होल्टच्या गाडीत स्ट्रोबला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्यावी.

टायमिंग बरोबर लावूनही चालताना टिकत नसेल तर ऑटो-अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे वेगानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या यंत्रणेची, वजने पाहावीत. स्प्रिंगा ढिल्या पडल्या की आयडलिंग चढते आणि थ्रॉटल सोडल्यावर उतरत नाही. वजने गंजून अडकली की गाडी वेगात मरगळते. शाफ्टचा बुश झिजला असेल तर गॅप प्रत्येक फेरीत बदलतो. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. त्या हालचालीने गॅप बदलताना दिसला तर बुश बदलण्यावाचून इलाज नाही. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम क्रँकचे झिजलेले बेअरिंग करते, आणि फुटलेले सील पॉइंटवर तेल आणते. पॉइंटच्या टाचेला वर्षातून एकदा मुगाएवढे ग्रीस पुरे. जास्त झाले की तेही पॉइंटवरच जाते.

मॅग्नेटच्या गाड्यांत करंट गेला तर पहिले काम किल स्विचची वायर सोडवण्याचे. ती फ्रेमला घासून सोलली की इंजिन कायम बंद, आणि हे न बघता फ्लायव्हील उतरवले जाते. उतरवायचेच झाले तर पुलर वापरावा. हातोड्याने मॅग्नेट अशक्त होतो आणि क्रँक वाकतो. आतली अर्धचंद्र की तुटून फ्लायव्हील थोडे सरकले असेल तर करंट चांगला येऊनही टायमिंग जुळत नाही. लुकासच्या जुन्या फिरत्या आर्मेचरच्या मॅग्नेटोत कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात असतो, आणि वाइंडिंगवरचे शेलॅक (लाखेचा इन्सुलेशनचा लेप) जुने झाले की गरमीत मऊ पडते. गार असताना एका किकला सुरू होणारी आणि तापल्यावर किकला दाद न देणारी गाडी म्हणजे बहुधा हेच. स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश पुसून फरक पडला नाही, तर ते काम रिवाइंडिंग करणाऱ्याकडेच न्यावे.

प्लगच्या नंबरबद्दलही थोडे. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा (उष्णता लवकर सोडणारा): डब्ल्यू १७५ पेक्षा डब्ल्यू २२५ थंड. नव्या पद्धतीत उलट, म्हणजे १७५ च्या जागी ७ आणि २२५ च्या जागी ५. एनजीकेमध्ये मात्र मोठा आकडा म्हणजे थंड. तीनही पद्धती एकाच दुकानात समोर येतात आणि चुकीचा प्लग घरी येतो. फार थंड प्लग काजळी धरतो आणि दोष पुन्हा करंटवर जातो.

इलेक्ट्रॉनिक किटला विरोध नाही. बुश झिजलेल्या, सुटे भाग न मिळणाऱ्या, रोज पळणाऱ्या गाडीला ते खरोखर आराम देते. फक्त बसवण्याआधी वर सांगितलेली व्होल्टेजची तपासणी करावी, कारण पॉइंट कमी व्होल्टेजवरही कसेबसे चालतात आणि किट तिथे हात टेकते. गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, अर्थ प्लस की मायनस, हे किटवर लिहिलेल्याशी जुळावे. किट उत्पादकाने सांगितलेल्या ओहमची कॉइल आणि रेझिस्टर कॅप लावावी. काढलेले पॉइंट, प्लेट आणि कंडेन्सर पुठ्ठ्याच्या डबीत घालून गाडीसोबत ठेवावेत; रस्त्यात किट बंद पडले तर ते पंधरा-वीस मिनिटांत परत बसवता येतात.

तेव्हा पुढच्या पुरवणीत निदान एवढी दुरुस्ती ठळक छापावी: आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, आणि गॅपला पुन्हा हात लागला तर टायमिंगही पुन्हा.

आपला,
एक नियमित वाचक